आधी थांबते का ते बघ

पाडव्याला गाडीला हार घाल, हळदकुंकू लाव, पेढा ठेव, सगळं कर. फक्त सेल्फ मारायची घाई करू नकोस. तुझ्या नंबरप्लेटच्या उजव्या कडेला वर 04 आणि खाली 10 असे आकडे आहेत ना, त्यांचा अर्थ 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर एवढाच काळ ती गाडी जर्मनीच्या रस्त्यावर आणता येते. त्याआधी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करून ठेवलीस तरी दंड बसतो. पाडवा यंदा मार्चातच आलाय, म्हणजे तुझ्या हाती चांगले दहा-बारा दिवस आहेत. ते मला हवेच होते, कारण पाच महिने झोपलेली गाडी आणि पहिल्यांदाच तिचा हिवाळा काढणारी तू, दोघींनाही वेळ लागणार.

परवा फोनवर तू चारदा विचारलंस, "ताई, सुरू होईल ना गं?" सगळे हेच विचारतात. अगं, सुरू नाही झाली तर काय होईल? गॅरेजमध्येच राहील, तू चिडशील, मला फोन करशील. पण सुरू झाली, तू स्टुटगार्टच्या त्या उतारावरून खाली निघालीस आणि ब्रेक नीट लागला नाही, तर? म्हणून माझं ऐक. इंजिनाकडे नंतर वळ. सुरू होते का हे बघण्याआधी ती थांबते का ते बघ.

मेन स्टँडवर लाव. मागचं चाक हाताने फिरव. मोकळं फिरतंय? आता मागचा ब्रेक दाब, सोड आणि पुन्हा फिरव. सोडल्यावर चाक पहिल्याइतकंच मोकळं फिरलं पाहिजे. पुढच्या चाकाला कुणाला तरी मागून भार द्यायला सांग, म्हणजे ते वर उचललं जाईल, आणि तेच कर. ब्रेक सोडल्यावरही चाक घासत राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय असं समज. अशी गाडी चालवायची नाही. सरळ वर्कशॉपला न्यायची, आणि तीही टेम्पोत घालून. डिस्कवर नारिंगी गंजाचा पातळ थर दिसेल, त्याला घाबरू नकोस. दमट हवेत तो येतोच आणि पहिल्या काही हलक्या ब्रेकांत खरवडून निघून जातो, थोडा खरखर आवाज होईल एवढंच.

पण लिव्हर दाबून बघताना खरं लक्ष दे. दाबल्यावर ती कडक लागली पाहिजे. मऊ लागली, स्पंजासारखी आत गेली, तर लाइनमध्ये हवा आहे. हँडलजवळच्या त्या छोट्या डबीची काच बघ. आतलं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असेल तर ठीक, गडद तपकिरी झालं असेल तर बदलून घे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, गाडी न चालवताही. नव्या डॉट 4 ऑइलला उकळायला किमान 230 अंश लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ती मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. एरवी गावात फिरताना ते कळणारही नाही. ते कळतं ते लांब घाट उतरताना, सतत ब्रेक दाबून डिस्क तापल्यावर. तेव्हा ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. गाडी सेकंडहँड घेतलीस तेव्हा मालकाने शेवटचं कधी बदललं होतं, याची नोंद सर्व्हिस बुकात सापडली नाही, असं तू म्हणाली होतीस. मग बदलूनच टाक. आणि हे काम स्वतः करू नकोस. बाकी सगळं मी तुला स्वतः करायला लावणार आहे, पण ब्रेक ऑइल पहिल्या वर्षी जाणत्याकडूनच बदलून घ्यायचं. रंगावर थेंब पडला तर रंग उडतो, हेही लक्षात ठेव.

टायरला फार वेळ लागत नाही. हवा थंड टायरमध्येच मोजायची, आकडा कुणाला विचारायचा नाही. तो मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. पाच महिन्यांत हवा उतरलेली असणारच. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांपुढे चार आकडे शोध. 3519 असेल तर तो 2019 सालच्या 35व्या आठवड्यात बनलाय. टायर कडक झालाय का, बाजूला बारीक भेगा आहेत का, हे नखाने दाबून, बॅटरी मारून बघ. भेगा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलायचाच. पैशांची अडचण असेल तर मला सांग, लाजू नकोस. टायरवर काटकसर नको.

आता बॅटरी. चार्जरवरून काढल्यावर दोन-तीन तास तशीच ठेव आणि मग मीटर लाव. 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवले तर उत्तम, 12.4च्या आसपास असेल तर आणखी चार्ज कर. रात्रभर चार्ज करूनही 12च्या वर येत नसेल तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेट साचलंय. तिच्यामागे लागू नकोस, नवीन घे. काढताना आधी ऋण टोक, लावताना आधी धन टोक. हा क्रम चुकला आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते.

तुझा तो ऑफिसातला सहकारी दर दोन आठवड्यांनी थंडीत पाच मिनिटं इंजिन चालवून ठेव म्हणत होता, ते चांगल्या मनानेच म्हणत असेल. पण त्याने नुकसान होतं. इंधन जळलं की पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पूर्ण तापलं तर ती बाहेर जाते. पाच मिनिटांत बंद केलं तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. ऑक्टोबरात ऑइल बदलायचं तुझं राहिलंच होतं, त्यामुळे त्यात मागच्या हंगामाचं आम्ल आणि ओलावा आहेच. या महिन्यात एकदा नीट तापवून ते काढून टाक, फिल्टरसकट. नवं ऑइल घेतल्याची पावती जपून ठेव. जुनं ऑइल तितक्याच मापाने परत घेणं इथे दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे.

पेट्रोलवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझी गाडी नव्वदच्या दशकातली कार्बोरेटरची आहे आणि वसंतात अडणाऱ्या गाड्या बहुतेक इथेच अडतात. टाकी फुल्ल करून ठेवली होतीस, शाबास. रिकाम्या टाकीत वर हवा राहते, त्यात ओलावा, आणि मग आतून गंज. पण टाकीतलं पेट्रोल ठीक असलं तरी कार्बोरेटरच्या वाटीत जे चमचा-दोन चमचे राहिलंय, त्याचा हलका भाग उडून गेलेला असतो आणि चिकट अंश खाली राहतो. आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथे पंपावर ई-5 आणि ई-10 असे दोन पर्याय असतात, म्हणजे जास्तीत जास्त 5 किंवा 10 टक्के. जुन्या गाडीला पुढच्या हिवाळ्यापूर्वी ई-5च भर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जास्त पाणी झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात.

तर काय करायचं? गाडी बाहेर अंगणात आण. तळघरातल्या गॅरेजमध्ये हे करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते आणि तिथे तुमचा बॉयलर आहे. हातमोजे घाल. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची स्वच्छ बरणी धर आणि स्क्रू हलकेच अर्धा वळसा सोडव. आधी दोन थेंब, मग बारीक धार. बरणी उजेडाकडे धरून बघ. ताजं पेट्रोल फिकट असतं आणि वास नाकात चटकन चढतो. शिळं झालेलं पिवळट-तपकिरी दिसतं, त्याला जुन्या वॉर्निशचा आंबूस वास येतो. तळाशी गोल मण्यांसारखे थेंब हलताना दिसले तर ते पाणी आहे. बरणी तिरकी केलीस की ते एकत्र येऊन लोळतात. दोन्ही कार्बोरेटरांचं असं करून स्क्रू बंद कर आणि टाकीतलं पेट्रोल वाटीत भरू दे. बरणीतलं पेट्रोल गटारात ओतू नकोस, घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर दे.

एवढं केल्यावर ती चोकवर सुरू झाली आणि चोक परत ढकलला की लगेच बंद पडली, तर समजायचं की पायलट जेट चोकअप झालंय. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. आपल्याकडचे मेकॅनिक कधी कधी त्यात तार घालतात. ते तू करू नकोस, छिद्र मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. कार्ब क्लीनर मारायचा आणि हवेने फुंकायचं.

एअर फिल्टरचं झाकण एकदा उघड. तुमच्या गॅरेजला लागून लाकडं रचलेली आहेत, म्हणजे उंदरांनी आत घरटं केलं असण्याची शक्यता आहे. सायलेन्सरच्या तोंडातही बघ.

मग सेल्फ. पूर्ण चोक, रेस द्यायची नाही, पाच सेकंदांच्या वर बटण दाबून धरायचं नाही. मध्ये अर्धा मिनिट थांब, स्टार्टर तापतो. काहीच आवाज आला नाही तर आधी लाल किल स्विच बघ, मग साइड स्टँड वर आहे का बघ. सुरू झाली की 4,000 आरपीएमच्या आसपास बॅटरीवर मीटर लाव. 13.5 ते 14.5 व्होल्ट दाखवलं तर चार्जिंग ठीक. आणि बाई, दार बंद असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन क्षणभरही चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दार अर्धवट उघडं आहे ना, असंही म्हणायचं नाही. गाडी बाहेर काढायची.

इंजिन तापल्यावरच पहिला गिअर टाक, तोही ब्रेक धरून. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून बसलेल्या असू शकतात. लिव्हर पूर्ण दाबलेली असूनही गाडी पुढे उसळते. म्हणून आधी इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, गाडी मागेपुढे हलवून घे. सुटल्या की जाणवतं.

चेन साफ करताना इंजिन बंदच हवं. चाक हाताने फिरवायचं, एका बाजूने ब्रश. गिअरमध्ये इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावताना लोकांची बोटं गेली आहेत. काम लवकर होतं म्हणून हे दाखवणारं कुणी भेटलं तर तिथून उठून ये.

आता मनातलं बोलू? पहिल्या रविवारी ऑफिसचे चौघं श्वार्झवाल्डला जाणार आहेत आणि तू नाही म्हणायला कचरतेयस, हे मला कळलं. नाही म्हण. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटला जाणारा तो बी 500 रस्ता फार सुंदर आहे, मुमेल तळ्यापाशी तो हजार मीटरच्या वर चढतो. पण एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या सावलीत सकाळी बर्फाचा पापुद्रा असू शकतो आणि वळणांवर हिवाळ्यात टाकलेली बारीक खडी अजून झाडलेली नसते. टायर थंड, खडी सैल आणि पुढच्या चौघांना गाठायची घाई, हे एकत्र यायला नको. मागे राहिलीस म्हणून ते तुला कमी समजतील, ही भीती मी ओळखते. बायकांनी गाडी चालवली की आपल्यावर नजर जास्त असते, खरं आहे. पण त्या नजरेसाठी वळणावर वेग वाढवायचा नाही.

आणि हात कापले, पोटात गोळा आला, तर ते साहजिक आहे. पाच महिने वळण घेतलेलं नाही, शरीर विसरतं. गाडीवाल्यांनाही हिवाळाभर मोटारसायकल दिसलेली नसते, चौकात ते तुला बघून न बघितल्यासारखं करतात. कोरड्या दिवशी, दुपारी, दुकानं बंद असलेल्या रविवारी सुपरमार्केटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये जा, चालवायला मनाई नसेल तिथे. हळू वेगात आठचा आकडा काढ, नजर जिथे जायचंय तिथे ठेवून. मग 30च्या वेगाने सरळ जाऊन दोन्ही ब्रेक, आधी हलके, मग जोरात. हे नीट जमेपर्यंत रस्त्यावर जाऊ नकोस. पुढे मे महिन्यात एडीएसी या मोटार क्लबचं एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण घे. मला त्यातला आपत्कालीन ब्रेकचा सराव सगळ्यात उपयोगी वाटला.

मागच्या प्लेटवरचा तपासणीचा गोल स्टिकरही बघून ठेव. तपासणीची तारीख हिवाळ्यात पडली असेल तर ती हंगामाच्या पहिल्याच महिन्यात, म्हणजे एप्रिलमध्ये करून घ्यावी लागते, आणि तेव्हा गर्दी असते. आजच वेळ घे.

मी शनिवारी कार्ल्सरूहहून सकाळच्या गाडीने येते. मल्टिमीटर, हवेचा गेज आणि पान्यांचा सेट माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. तू ऑइल, फिल्टर आणि दोन रिकाम्या काचेच्या बरण्या तेवढ्या तयार ठेव.