अर्बुदातील रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशींची अडलेली वाट

कर्करोगाची गाठ, म्हणजेच अर्बुद, शरीरात वाढत असता तिचा नाश करू शकणाऱ्या पेशी पुष्कळदा रक्तातच फिरत असतात. टी-पेशी या नावाच्या पांढऱ्या पेशी विकृत पेशी ओळखतात व त्यांना मारूही शकतात. तरीही अनेक रुग्णांच्या गाठीत त्या आढळत नाहीत, किंवा कडेलाच खोळंबलेल्या दिसतात. प्रतिकारशक्तीवरील बंधन सैल करणारी नवी औषधे अशा रुग्णांत बहुधा निष्प्रभ ठरतात. त्याचे एक महत्त्वाचे कारण गाठीच्या रक्तवाहिन्यांत आहे.

पायात काटा मोडला की तेथे पू होतो. त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काही विशिष्ट प्रथिने प्रकट होतात. वाहत्या रक्तातील पांढरी पेशी त्यांना अडखळून मंदावते, अस्तरावरून घरंगळते, घट्ट चिकटते आणि अखेर अस्तर भेदून बाहेर उतरते. टी-पेशींनाही गाठीत शिरण्यास हीच वाट आहे.

रक्तपुरवठ्यावाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, हा विचार बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. गाठ व्हीईजीएफ नावाचे प्रथिन स्रवते आणि आसपासच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हे फाटे मात्र वेडेवाकडे, कोठे फुगीर तर कोठे दबलेले आणि गळके असतात. वाहिन्या गळक्या असतील तर पेशींना बाहेर पडणे सोपे जावे, असे वाटणे साहजिक आहे. घडते ते उलटच. झिरपलेल्या द्रवामुळे गाठीतील दाब वाढतो, रक्तप्रवाह मंदावतो व प्राणवायूची चणचण भासते. शिवाय व्हीईजीएफच्या प्रभावाने अस्तरावरील ती चिकट प्रथिनेच कमी होतात. टी-पेशीला थांबण्यास आधारच उरत नाही. आत शिरलेल्या पेशीही प्राणवायूअभावी दुबळ्या होतात.

वाहिन्या नष्ट करून गाठीची उपासमार करावी, हा प्रारंभीचा उपाय होता. २००१ मध्ये राकेश जैन यांनी वेगळाच विचार पुढे आणला : वाहिन्या तोडण्याऐवजी काही काळ सुधाराव्यात, म्हणजे औषध आत पोहोचेल. जैन हे कानपूरच्या आयआयटीचे १९७२ चे पदवीधर. ते वैद्य नव्हेत, रासायनिक अभियंते. दाब आणि प्रवाह यांच्या अंगाने प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी त्यांना तेथूनच लाभली असावी. हाच विचार पुढे प्रतिकारपेशींनाही लागू पडला. उंदरांवरील प्रयोगांत व्हीईजीएफचा मार्ग रोखणारे औषध अल्प मात्रेत दिले असता वाहिन्या सुधारल्या व टी-पेशी अधिक शिरल्या. मात्रा वाढविताच वाहिन्या खुडल्या जाऊन लाभ ओसरला.

रुग्णांमधील ठळक पुरावा यकृताच्या कर्करोगाचा आहे. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या ५०१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. व्हीईजीएफरोधक बेव्हासिझुमॅब आणि प्रतिकारशक्ती मोकळी करणारे अटेझोलिझुमॅब ही औषधे एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते. सोराफेनिब या जुन्या औषधावरील गटात हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. या लाभात वाहिन्यांच्या सुधारणेचा वाटा किती, हे चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. बेव्हासिझुमॅबमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. यकृत निकामी होत असलेल्या रुग्णांच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असू शकतात. म्हणून उपचारापूर्वी दुर्बिणीने त्यांची तपासणी करून आवश्यक तेथे त्या बांधून घेतल्या जातात.