राजधानीच्या सहलीत ऑगस्ट क्रांती मैदान

राज्याची राजधानी पाहावयास निघालेल्यांच्या यादीत गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग ही स्थळे हमखास असतात. ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे पूर्वीचे ग्वालिया टँक, मात्र पुष्कळदा राहून जाते. डोळे दिपावेत असे तेथे काही नाही, हे खरे. जुना तलाव बुजवून झालेले ते एक मैदान आहे. तथापि नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांनी तरी ते टाळू नये.

८ ऑगस्ट १९४२ रोजी येथेच काँग्रेस महासमितीने ‘छोडो भारत’ ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधी व अन्य नेत्यांना अटक झाली आणि अरुणा असफअली यांनी याच मैदानावर तिरंगा फडकविला. पुढे बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर रोजी, तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे पाच जण हुतात्मे झाले. हाती ध्वज घेतलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा, म्हणजे सहलीस येणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता.

म्हणून सहलीपूर्वी मुलांना नंदुरबारच्या हुतात्मा स्मारकापाशी न्यावे, आणि मग राजधानीतील हे मैदान दाखवावे. येथील ठराव आपल्या गावापर्यंत कसा पोहोचला, हे मग निराळे समजावून द्यावे लागत नाही. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम ज्या मणिभवनात असे, ते येथून पायी जाण्याइतके जवळ आहे. सुरतमार्गे रेल्वेने येणाऱ्यांस दोन्ही ठिकाणांसाठी ग्रँट रोड स्थानक सोयीचे पडते.