पेन्शनचा पैसा आणि दाजींची हळद

हिंगोली

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

कळमनुरीच्या पोस्टात रुजू झालास, पेन्शन खात्याचा प्रान नंबरही आला, आता त्यातल्या पैशाच्या गुंतवणुकीसाठी 'स्कीम जी', 'एलसी-२५', 'एलसी-५०' यांतले काय निवडू म्हणून विचारतोस. ऑफिसातली जुनी मंडळी म्हणतात, "जी घे, सगळे सरकारी रोखे, बुडायची भीती नाही." ते तुझ्या भल्याचेच बघतात. पण ते माझ्यासारखेच १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेले. त्यांची पेन्शन ठरलेली, वर महागाई भत्ता वाढतोच. तू हमीच्या पेन्शनची यूपीएस न घेता राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएसच, धरलीस. तुझे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के वाढवायचे कसे, ही काळजी आता तुझी.

माझे मत एलसी-५०. पस्तिशीपर्यंत निम्मा पैसा शेअर्समध्ये राहतो, पुढे दरवर्षी २ टक्क्यांनी तो वाटा आपोआप उतरतो आणि पंचावन्नाव्या वर्षी १० वर येतो. तुला हात लावावा लागत नाही, हेच मला त्यात सर्वांत आवडते.

बुडायची भीती बाजारापेक्षा महागाईची धर. आज २० हजारांत भागणाऱ्या घराला, महागाई ६ टक्के धरली तर, तुझ्या निवृत्तीच्या वेळी, म्हणजे ३२ वर्षांनी, सव्वा लाखाहून जास्त लागतील. नुसत्या रोख्यांवर महागाईला गाठणे अवघड आहे.

बाजार पडणारच. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांवर गेला होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली आला. तेव्हा घाबरून ज्यांनी पैसा रोख्यांत हलवला, त्यांचा कागदावरचा तोटा पक्का झाला. वर्ष संपायच्या आत निर्देशांक जुन्या जागी परतला होता. दर वेळी इतक्या लवकर परतेल असे नाही, २००८ नंतर बरीच वाट पाहावी लागली. वर्षातून दोनदा पर्याय बदलायची मुभा आहे. ती वापरलीच पाहिजे असे कुणी सांगितले नाही.

आता घरचे. दाजींची सगळी भिस्त हळदीवर. वसमतच्या मोंढ्यात भाव उतरला की पोती घरात, आणि घरखर्च तुझ्या पगारावर. अशा वर्षी एनपीएसकडे बघू नकोस. तीन वर्षांनंतर स्वतःच्या वर्गणीतले फार तर २५ टक्के मिळतात, तेही घर, आजारपण, शिक्षण, लग्न अशा ठरलेल्या कारणांसाठी; हळद पडली हे कारण त्यात बसत नाही. म्हणून आधी सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात नाहीतर आवर्त ठेवीत जमव. पोस्टातल्या माणसाला हे मी काय सांगावे! आणि जास्त व्याजाच्या नादाने तो पैसा कुठल्या मल्टिस्टेट पतसंस्थेत नेऊ नकोस. आपल्या मराठवाड्यात किती घरे त्यात पोळली, तू पाहिलेस.

साठीला किमान ४० टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागेल. तिच्यातून मिळणारी पेन्शन नंतर महागाईबरोबर वाढतेच असे नाही, म्हणून उरलेले ६० टक्के ट्रॅक्टरवर किंवा लग्नात उडवायचे नाहीत. पण त्याला अवकाश आहे. आधी फॉर्मवर नॉमिनी म्हणून अक्काचे नाव घातलेस का ते कळव.

तुझा
मामा