पुण्याला नंबर लागला, आता काय?

बारावीचा निकाल लागला की बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर हाच विषय निघतो. समजा, गटातल्या एका ताईच्या पोरीचा पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलाय. बाप म्हणतो, एवढ्या लांब नको, एक वर्ष थांबू दे, पुढच्या साली बघू. पोरगी गप्प. ताईने काय करायचं?

आधी विचारायचं, थांबायचं ते कशासाठी? नीटची परीक्षा पुन्हा द्यायची आहे, जात वैधता प्रमाणपत्र अडलंय, घरात मोठं आजारपण आहे, ही कारणं झाली. 'बघू' हे कारण नाही. आपल्याकडे 'बघू'चं काय होतं ते आपणच पाहिलंय. पावसाळा शेतात जातो. दिवाळीनंतर बिऱ्हाड गुजरातला ऊसतोडीला निघतं, पोरगीही सोबत. होळीला परत आलं की लग्नाची बोलणी. शिवाय यंदाची सीईटी पुढच्या वर्षी चालत नाही, ती पुन्हा द्यावी लागते.

आता पैशाचं. पुण्याला आदिवासी विकासचं मुलींचं वसतिगृह आहे, आधी तिथे अर्ज करायचा. जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मुलीच्या खात्यात येतात, मात्र कॉलेजातली हजेरी 80 टक्के लागते. पैसे हप्त्याने येतात, तेही वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतं गटातून छोटं कर्ज घ्या, सावकाराकडे जाऊ नका. फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा असतो, तो विसरू नका. चौकशी तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करायची.

आपल्या जिल्ह्याचे पूर्वीचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. वडील जन्माआधीच गेले, आईने दारू विकून पोरं वाढवली. ते डॉक्टरकीला थेट मुंबईला गेले. तो मुलगा होता, हे मला कळतं. मुलीला पाठवताना आईचा जीव वेगळाच अडतो. म्हणून आईने स्वतः एकदा सोबत जावं. वसतिगृह बघावं, गृहपाल बाईंशी बोलावं, वरच्या वर्गातल्या मुलींचे नंबर घ्यावेत. बापालाही न्यावं. घरी बसून जी भीती वाटते, ती तिथे गेल्यावर निम्मी होते.

आणि थांबायचंच ठरलं, तर वर्षाचं काम आत्ताच ठरवा: कोणती परीक्षा, अभ्यास कुठे, ऊसतोडीच्या दिवसांत पोरगी कोणाकडे राहणार. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी राहून बी.ए. करता येतं, पण त्याने नर्स होता येत नाही, हे पोरीला आधीच सांगा. पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेही लक्षात असू द्या.

ज्यांच्या मुली आता अकरावीला आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला जातीचा दाखला घेऊन यावं. वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच करायचा आहे.