बाजेवरची जाग

बडनेरा जंक्शनालगतच्या आमच्या घरात रात्रभर गाड्यांची धडधड चालते, आणि जन्मापासून ती ऐकलेल्या माणसाची झोप तिने कधी मोडत नाही. म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी लेक जेव्हा एके सकाळी म्हणाली, की आज मुंबईची गाडी उशिरा गेली, काल वेळेवर होती, तेव्हाच, पोर शेजारी गाढ निजलेली असताना आईचा डोळा का लागत नाही, हा प्रश्न मला पडावयास हवा होता. तो पडला नाही, ही माझी कसूर.

देहाचा बंदोबस्त मी चोख ठेवला होता. बाजेखाली शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर; कशाचीही हयगय झाली नाही. मात्र घडी घातलेली लंगोटी ती पुन्हा उलगडते, पुन्हा घडी घालते, पाजताना लेकराऐवजी भिंतीकडे पाहते, चोळी दुधाने भिजली तरी तिला भान नसते, हे सारे मी ‘थकवा’ या एकाच सदरी जमा करीत गेले. भेटीस येणाऱ्या बाया "पोरगीच झाली काय वं" म्हणून हळहळत, सासरहून बारशाची चौकशी होत नसे, आणि कोणी "बाहेरचं असंन" म्हटल्यावर मी मीठ-मोहऱ्याही उतरल्या. सहाव्या आठवड्यात एका रात्री तिने शांतपणे विचारले, "आई, मी नसली त हिले तू सांभाळशीन ना?" त्या शांतपणाने माझे हातपाय गळाले.

अमरावतीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी प्रथम विचारले ते गरोदरपणाविषयी, आणि मला आठवले, की सातव्या महिन्यापासूनच तिचे बोलणे आटले होते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० मातांची विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली; तीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले, आणि त्यांतल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. दारिद्र्य आणि नवऱ्याशी बेबनाव ही त्यामागची मोठी कारणे. पदरी मुलगी आली, की मारझोड आणि उपासमार यांचा घाव अधिक खोल जाई.

पहिल्या आठवड्यातले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, त्याची धास्ती नको. त्यापुढेही उदासी टिकली, तर तो आजार समजावा. प्रसूतीनंतर शरीरातली संप्रेरके झपाट्याने उतरतात, त्यात जागरण, रक्तक्षय, कधी थायरॉइडचा बिघाड, म्हणून रक्ताची तपासणीही करून घ्यावी. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत, ती डॉक्टरांनी निवडावीत. मरणाची भाषा, भलतेच भास किंवा बाळाला इजा करण्याचे विचार दिसले, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मनाच्या दुखण्यासाठी असलेल्या टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालतो. जावयाला आम्ही बोलावून घेतले, आणि रात्रीचे एक जागरण त्याच्याकडे सोपवले. त्या एका सलग झोपेने तिला जो उतार पडला, तो माझ्या लाडवांनी पडला नव्हता.

यंदा सुनेला पाचवा महिना आहे. चोर-ओटीचे खण काढण्याआधी मी तिला झोप लागते का, एवढेच विचारले. ती बराच वेळ बोलत राहिली, आणि मी मुलाला हाक मारून तिच्यासमोर बसवले.