माळवद उतरवताना आधी भिंत बघा



पावसाळ्यात मध्यरात्री उठून परात कुठं ठेवायची आणि पातेलं कुठं ठेवायचं, हे माळवदाच्या घरातल्या बाईला अंधारातही कळतं. दर उन्हाळ्यात पांढरी माती आणायची, वर पसरायची, चोपायची, पावसात उगवलेलं गवत उपटायचं, ही कामंही बहुतेक आपल्याच वाट्याला येतात. म्हणून गटात घरासाठी कर्ज मागायची वेळ आली की तोंडात पहिलं वाक्य हेच येतं, "यंदा माळवद काढायचं आणि स्लॅब टाकायचा."

इच्छा चांगलीच आहे. पण छत बदलायचं म्हटलं की घरातले सगळे वर बघतात. छताचं ओझं मात्र खाली भिंतीत, खांबात आणि पायात उतरत असतं. जुन्या भिंतीवर नवा स्लॅब टाकायच्या आधी ती भिंत तो पेलेल का, हे बघायलाच हवं. या वेळच्या पाठात तेच शिकू या.

माळवदाचं वजन किती?

समजा, तुमची खोली १० बाय १२ फुटांची आहे. म्हणजे छत १२० चौरस फूट. दाबून बसलेल्या कोरड्या मातीचं वजन एका घनफुटाला साधारण ४५ ते ५० किलो धरा. वर एक फूट माती असेल तर १२० घनफूट माती झाली, म्हणजे पाच ते सहा टन! दरवर्षी थोडी थोडी माती टाकत गेल्यामुळे कितीतरी घरांवर ती दोन फुटांवर गेलेली असते. मग हाच आकडा दहा-बारा टनांवर जातो. पावसात माती भिजली की आणखी वाढतो. आपल्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा आहे असं समजा.

तुमच्या माळवदावर किती माती आहे, हे बघायला एका कडेला छोटा खड्डा घ्या, काठीनं मोजा आणि खड्डा लगेच बुजवून चोपून टाका.

हे ओझं कोण उचलतं?

चांगल्या बांधणीच्या जुन्या घरात लाकडी खांब, त्यावर तुळई, त्यावर सर, वर किलचन आणि मग माती, अशी रचना असते. ओझ्याचा मोठा भाग खांब उचलतात. भिंत बऱ्याचदा आडोशाचं काम करते. काही घरांत मात्र खांब कमी असतात आणि लाकडं सरळ भिंतीवर टेकवलेली असतात.

आता पाच इंची स्लॅबचा हिशोब करू. तेवढ्याच खोलीचा स्लॅब साधारण साडेतीन टनांचा होतो. मिस्त्री म्हणतो, "मातीपेक्षा हलकाच आहे की!" आकडा खरा आहे, पण तो अर्धाच हिशोब आहे. स्लॅब टाकताना आपण खांब काढून टाकतो. काल खांबावर असलेलं ओझं आज सगळं भिंतीवर जातं. शिवाय पुढं त्यावर पाण्याची टाकी येते. हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन. मग कधीतरी वरचा मजलाही येतो.

आपली जुनी भिंत दगड आणि मातीची, दीड-दोन हात जाड. बाहेरून मजबूत दिसते. पण ती आतून दोन भिंतींची असते. एक दगडी थर घरात, एक बाहेर, आणि मधे माती व बारीक दगडांचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर ओल लागल्यावर किंवा हादरा बसल्यावर हे थर एकमेकांपासून सुटतात.

किल्लारीनं काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसं गेली. बहुतेक जण झोपेत होते आणि घराखालीच दबले. दगड-मातीच्या सुट्या भिंती आणि त्यावरची जड माती, या दोन्हींनी मिळून घात केला.

त्यानंतर सरकारनं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला. त्यात सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. माळवदावरची जास्तीची माती कमी करा. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसवा. भिंतींवरून चारी बाजूंनी पट्टा फिरवा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतील. गावोगाव महिला मंडळांतल्या बायकांनी 'संवाद सहायक' होऊन ही माहिती घराघरांत पोचवली. बांधकाम बायकांना समजत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढं सांगा.

तुमची भिंत तपासा

- भिंतीला पोट आलंय का? ओळंबा लावून बघा.
- दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी चीर आहे का?
- छताखालची दोन-तीन फूट भिंत दरवर्षी भिजते का? माती धुपून दगड सुटे झालेत का?
- खांबाचा बुंधा आणि तुळईची भिंतीत गेलेली टोकं कुजलीत का? वाळवी आहे का? सळईनं टोचून बघा.
- पाया काळ्या मातीतच आहे, की खाली मुरमापर्यंत गेलाय? काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरची भिंत हलत राहते.

यातलं एक जरी दिसलं, तरी त्या भिंतीवर स्लॅब टाकू नका.

तीन वाटा

*पहिली, माळवद हलकं करून ठेवणं.* लाकूड चांगलं असेल आणि हातात पैसा कमी असेल तर ही वाट वाईट नाही. जास्तीची माती उतरवायची, कुजलेलं लाकूड बदलायचं, जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वर वीतभरच माती ठेवायची. उतार पन्हाळीकडं द्यायचा. यापुढं नवी माती टाकायच्या आधी जुनी तेवढी खरवडून काढायची.

*दुसरी, पत्रा.* वजनाला सगळ्यात हलका. पण उन्हाळ्यात तापतो आणि वादळात उडतो. वर दगड ठेवून पत्रा दाबणं धोक्याचं आहे, तेच दगड खाली येतात. पत्रा हुकानं अँगलला किंवा पाइपला घट्ट आवळलेला हवा, आणि अँगल भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात पक्का धरलेला हवा.

*तिसरी, स्लॅब.* दगड-मातीच्या भिंतीवर सरळ स्लॅब नको. एक तर मुरमापर्यंत पाया घेऊन काँक्रीटचे कॉलम आणि बीम करा, किंवा सिमेंटमध्ये नवी भिंत बांधून तिच्यावर पट्टा घ्या आणि मग स्लॅब टाका. खर्च वाढतो, हे खरं आहे. म्हणून चार खोल्यांऐवजी एकच खोली करा, पण पायापासून पक्की करा. तालुक्याच्या अभियंत्याला घर दाखवून नकाशा आणि सळईचा हिशोब कागदावर घ्या. त्याची फी ही वाचवायची जागा नव्हे.

माळवद उतरवताना

काम होळीनंतर सुरू करा आणि मृग लागायच्या आत छत पूर्ण होईल असं बघा. माती वरून थराथरानं, दोन्ही बाजूंनी सारखी काढा. एका बाजूला ढीग करू नका आणि भिंतीला टेकवून माती रचू नका. सगळी माती उतरेपर्यंत एकही खांब किंवा तुळई हलवू नका. खाली चूल, पाळणा, जनावर काहीच ठेवू नका. जुनं सागवान निघालं तर घाईनं विकू नका, दारं-खिडक्यांना ते कामी येतं.

स्लॅबच्या दिवशी उभं राहून बघा

१० बाय १२ च्या पाच इंची स्लॅबला साधारण ११-१२ गोण्या सिमेंट, २२ घनफूट वाळू, ४५ घनफूट खडी आणि १०० ते १२० किलो सळई लागते. कॉलम, बीम आणि भिंतीवरचा भाग वेगळा.

- सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत करा.
- माप १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. घमेल्याच्या अंदाजानं नको, मापाच्या पेटीनं.
- एका गोणीला पाणी साधारण २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, पण स्लॅब कच्चा होतो आणि पुढं गळतो.
- सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत. सळई फळीला टेकली तर पुढं गंजते आणि स्लॅबचे पोपडे पडतात.
- छज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माल टाकताना मजुरांच्या पायानं ती खाली दबली, तर सेंट्रिंग काढताच छज्जा खाली येतो. तिथं पाय पडू देऊ नका.
- उतार दर १० फुटांना दीड इंच, पन्हाळीकडं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री निघून जातो आणि स्लॅब आपल्या हाती राहतो. वर मातीच्या आळ्या करून पाणी भरून ठेवा. किमान १० दिवस, कडक उन्हात १४ दिवस तो सुकू देऊ नका. पाण्याची टंचाई असेल तर ओली पोती अंथरा. या पाण्याची सोय स्लॅबच्या आधी करून ठेवा. टेकू काढायची घाई मिस्त्री करेल, कारण त्याला फळ्या दुसरीकडं न्यायच्या असतात. आपल्याकडं मिळणारं पीपीसी सिमेंट हळूहळू ताकद धरतं. १५ फुटांच्या आतल्या गाळ्यालाही टेकू १४ दिवस राहू द्या. मोठ्या गाळ्याला आणि छज्जाला किती दिवस ठेवायचे ते अभियंत्याला विचारा.

पैशाचा हिशोब

शेळी घेतली तर ती हप्ता फेडायला मदत करते. छत हप्ता फेडत नाही. हप्ता आजच्याच कमाईतून द्यायचा असतो. समजा, गटातून ६० हजार घेतले, दरमहा १ टक्का व्याज, २४ महिने, घटत्या शिलकीवर. मुद्दल दरमहा २,५००. पहिल्या महिन्यात व्याज ६००, म्हणजे ३,१०० भरायचे. शेवटच्या महिन्यात २,५२५. एकूण व्याज ७,५००. दर २ टक्के असेल तर व्याज १५,०००. पेरणीच्या महिन्यात हे जमेल का, ते आधी बघा.

घर कच्चं असेल तर घरकुल यादीत नाव आहे का, ते आधी ग्रामपंचायतीत विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत. मंजुरीच्या आधी काम सुरू करू नका. आणि नमुना ८ वर घर कुणाच्या नावावर आहे, तेही बघा. हप्ता आपण भरणार असू, तर नवऱ्याबरोबर आपलंही नाव तिथं लावून घ्या.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गटात माळवदाची घरं किती? कुणाच्या छतावर दोन फुटांपेक्षा जास्त माती आहे?
२. छतासाठी कर्ज देण्याआधी दोघी-तिघींनी जाऊन भिंत बघायची, असा ठराव करता येईल का?
३. चार-पाच घरांनी मिळून अभियंत्याला गावात बोलावलं, तर प्रत्येकीला किती खर्च येईल?

येत्या बैठकीआधी एवढं करा. ओळंबा आणि काठी घ्या, घराभोवती एक फेरी मारा आणि जे दिसेल ते वहीत लिहून आणा.