न दिसणारे ऊन



शाळेच्या पायरीवर आम्ही एक जुने वर्तमानपत्र उन्हात ठेवले. मधोमध पाटी ठेवली. आठ दिवसांनी पाटी उचलली तर काय! बाजूचा कागद पिवळा आणि पाटीखालचा चौकोन जसाच्या तसा. कागदाचे हे हाल, मग आपल्या कातडीचे?

इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे आणखी किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अतिनील किरण म्हणतात. जर्मनीतील रिटर या शास्त्रज्ञाने १८०१ साली ते शोधले. चांदीचा एक क्षार उजेडाने काळा पडतो. रिटरने तो सर्व रंगांत धरून पाहिला. जांभळ्याच्या पुढे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेच तो सर्वांत लवकर काळा झाला!

आकाशात उंचावर ओझोन वायूचा थर आहे. तो यांतले सर्वांत घातक किरण अडवतो. उरलेले खाली येतात. हे किरण अंगाला गरम लागत नाहीत. उन्हाची ऊब वेगळ्या किरणांची असते. म्हणून गार वारा सुटला, पातळ ढग आले, की आपण फसतो.

थोडे ऊन हवेच. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व याच किरणांमुळे कातडीत तयार होते. पण जास्त ऊन लागले की कातडी मेलॅनिन नावाचा रंग जादा बनवते आणि आपण काळवंडतो. तेव्हा सुट्टीनंतर कुणी काळवंडून आले तर चिडवू नका बरं का. ती कातडीने स्वतःवर धरलेली छत्री आहे! पण ही छत्री पुरत नाही. माझ्या आजोबांची मान जाड आणि सुरकुतलेली आहे, आणि बंडीखालची पाठ मऊ. दोन्ही एकाच वयाच्या! पुढे डोळ्यांत मोतीबिंदू होतो, कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. सावळ्या लोकांना तो कमी होतो, पण होतच नाही असे नाही. बरी न होणारी जखम किंवा वाढत जाणारा डाग डॉक्टरांना दाखवावा.

हे किरण केव्हा जोरात असतात? सावली बघा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की जपायचे. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ती आखूडच असते. मे महिन्यात तर आपल्याकडे एक दिवस भरदुपारी सावली पार पायाखाली जाते.

उपाय जुनेच आहेत. पटका, पदर, लांब बाह्यांचा सदरा. कापड उजेडाकडे धरून पाहावे. आरपार दिसले तर किरणही आत येतात. जत्रेतल्या गॉगलची काच नुसती काळी असून भागत नाही. तिने हे किरण अडवले पाहिजेत.

पालकांनो, उन्हाळ्यात शाळा सकाळची असते खरी, पण सुटते ती नेमकी सावली आखूड असताना. वस्तीवरची मुले तशीच बोडक्या डोक्याने चालत जातात. दप्तरात टोपी नाहीतर उपरणे टाकून द्या. माझ्या दप्तरात आईच्या जुन्या लुगड्याचा दुहेरी शिवलेला तुकडा असतो. आधी मुले हसली. परवा दोघांनी मागून घेतला.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी